एका प्रीॲम्प ट्यूबवर पुश-पुल गिटार ॲम्प चालेल का? चला, हिशोब करून बघू

फोनवर गिटार ॲम्पचं कुठलंही ॲप उघडा. 'ट्वीड', 'ब्रिटिश', 'क्लास ए' अशी नावं दिसतात आणि चित्रात काचेच्या नळ्या लालसर चमकत असतात. ही ॲप्स ज्या खऱ्या सर्किटची नक्कल करतात, त्यातलंच एक साधं सर्किट आज आपण कागदावर मांडणार आहोत: दोन ईएल८४ पॉवर ट्यूबचा, साधारण १५ वॉटचा पुश-पुल गिटार ॲम्प.

माझा प्रश्न एकच आहे. या दोन पॉवर ट्यूबच्या आधी, म्हणजे प्रीॲम्पमध्ये, कमीत कमी किती ट्यूब लागतात?

१९६० च्या दशकात मार्शलने दोन ईएल८४ चा १८ वॉटचा ॲम्प काढला, त्यात तीन छोट्या ट्यूब होत्या. त्याआधीच्या, १९५० च्या दशकातल्या फेंडरच्या ५ई३ डिलक्समध्ये दोन होत्या (त्यात पॉवर ट्यूब मात्र ६व्ही६). मग एकीवर भागेल का? प्रत्येक जादा ट्यूब म्हणजे जादा खर्च, जादा वायरिंग आणि गुणगुण शिरायला आणखी एक वाट. म्हणून आधी हिशोब, मग खरेदी.

आणि हो, सुरुवातीलाच सांगतो: या सर्किटमध्ये ३०० व्होल्ट डीसी असतो. तो जीव घेऊ शकतो. डिझाइन समजून घ्यायला कुणाचीच ना नाही, पण हातात सोल्डरिंग गन घेण्याआधी खालचा सुरक्षिततेचा भाग नक्की वाचा.

ट्यूब म्हणजे काय, दोन मिनिटांत

ट्यूबच्या आत एक हीटर असतो. तो कॅथोडला तापवतो आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या प्लेटला मोठं पॉझिटिव्ह व्होल्टेज दिलेलं असतं, ती त्यांना ओढून घेते. मधे तारेची जाळी असते, ती ग्रिड. ग्रिडवरचं व्होल्टेज जरासं हललं की प्लेटचा करंट बराच बदलतो. नळाची चावी एक बोटभर फिरवली की पाण्याची धार बदलते, तसंच. गिटारचा बारीक सिग्नल ही चावी फिरवतो आणि मोठी धार पॉवर सप्लायमधून येते.

कॅथोड, ग्रिड, प्लेट असे तीन भाग असले की तो ट्रायोड. गिटार ॲम्पमधली सगळ्यांत प्रसिद्ध छोटी ट्यूब म्हणजे १२एएक्स७. युरोपात तिचंच नाव ईसीसी८३. हिच्या एका काचेत दोन वेगवेगळे ट्रायोड असतात. म्हणून डिझाइन करताना बाटल्या मोजायच्या नाहीत, ट्रायोड मोजायचे. एक बाटली म्हणजे दोन कामं.

ईएल८४ हा पेंटोड आहे. त्यात आणखी दोन जाळ्या असतात, त्यामुळे छोट्या सिग्नलवर बरीच पॉवर मिळते. ही गोष्ट पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

पुश-पुल: ताक घुसळायची रवी

एकाच पॉवर ट्यूबचा ॲम्प सोपा असतो. फेंडर चॅम्प तसाच, साधारण ५ वॉटचा. मग पुश-पुलचा खटाटोप कशाला?

आजीला रवीने ताक घुसळताना पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. रवीला दोरी गुंडाळलेली, दोन हातांत दोन टोकं. एक हात ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. रवी गरागरा फिरते. पण दोन्ही हातांनी एकदम सारखंच ओढलं तर? रवी जागची हलत नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही आपली रवी. त्याच्या प्रायमरीच्या दोन टोकांना दोन ईएल८४ च्या प्लेट जोडायच्या आणि मधल्या टॅपला ३०० व्होल्ट द्यायचे. दोघींना सिग्नल उलट-सुलट दिला, म्हणजे एकीचा करंट वाढतो तेव्हा दुसरीचा कमी होतो, की स्पीकर हलतो. आणि जे दोघींमध्ये एकसारखं येतं ते एकमेकांना कापून टाकतं. यात तीन फायदे आहेत:

- दोघींचा स्थिर डीसी करंट ट्रान्सफॉर्मरच्या कोरमध्ये विरुद्ध दिशांनी जातो, त्यामुळे कोर चुंबकीय दृष्ट्या भरून जात नाही. तेवढ्याच पॉवरसाठी ट्रान्सफॉर्मर लहान चालतो.
- मधल्या टॅपवर सप्लायची थोडी गुणगुण असली तरी ती दोन्हीकडे सारखीच असते. म्हणून बरीचशी कापली जाते.
- एक ट्यूब पूर्ण बंद झाली तरी दुसरी काम करत राहते. त्यामुळे दोन ट्यूबमधून एकीच्या दुपटीपेक्षा जास्त पॉवर काढता येते.

किंमत एकच मोजावी लागते. सिग्नलच्या दोन प्रती हव्यात, एक सरळ आणि एक उलटी. हे काम करणाऱ्या भागाला फेज स्प्लिटर म्हणतात.

डिझाइन उलटं सुरू करायचं

नवशिके गिटारच्या जॅकपासून चित्र काढायला लागतात. मी स्पीकरपासून सुरू करतो, कारण पॉवर ट्यूब काय मागते ते कळल्याशिवाय प्रीॲम्पने किती द्यायचं ते ठरत नाही.

ईएल८४ च्या माहितीपत्रकात ३०० व्होल्टसाठी पुश-पुलचा तयार नमुना आहे. प्लेट ते प्लेट लोड ८ किलोओहम, दोघींना मिळून एकच १३० ओहमचा कॅथोड रेझिस्टर, आउटपुट १७ वॉट. आपण तो पडताळून बघू.

सिग्नल नसताना प्रत्येक ट्यूबमधून साधारण ३६ मिलिअँपिअर प्लेटचा आणि ४ मिलिअँपिअर स्क्रीनचा करंट जातो. दोघींचा मिळून ८०. मग १३० × ०.०८ = १०.४ व्होल्ट. म्हणजे कॅथोड ग्रिडपेक्षा सुमारे १० व्होल्ट वर बसतो. यालाच बायस म्हणतात आणि इथे तो आपोआप लागतो, कुठलाही प्रीसेट फिरवायला लागत नाही.

ट्यूब तापून मरणार नाही ना? २९० व्होल्ट × ०.०३६ = १०.४ वॉट. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॉट. ठीक आहे.

पॉवर किती? मोठ्या आवाजात एक ट्यूब बंद असते तेव्हा दुसरी अर्ध्याच वाइंडिंगवर काम करते. वेढे निम्मे म्हणजे इम्पिडन्स पाव, म्हणून तिला ८ ऐवजी २ किलोओहम दिसतात. प्लेट सुमारे २५० व्होल्ट खाली येऊ शकते असं धरलं तर पॉवर = २५० × २५० ÷ (२ × २०००) = १५.६ वॉट. माहितीपत्रकाच्या जवळपास आलो. खोलीत वाजवायला हे जरुरीपेक्षा जास्तच आहे.

ट्रान्सफॉर्मर बनवून घेताना सांगायचं: प्रायमरी ८ किलोओहम मधल्या टॅपसह, सेकंडरी ८ ओहम, १५ ते २० वॉट, पुश-पुल ऑडिओसाठी. इम्पिडन्सचं प्रमाण १००० ला १, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण त्याचं वर्गमूळ, साधारण ३२ ला १.

आता सगळ्यांत महत्त्वाचा आकडा. पूर्ण पॉवरसाठी प्रत्येक ईएल८४ च्या ग्रिडला सुमारे १० व्होल्ट आरएमएस लागतात, म्हणजे १४ व्होल्ट पीक. मोठ्या ॲम्पमधल्या ईएल३४ किंवा ६एल६ ला याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. थोड्या प्रीॲम्प ट्यूबवर भागवायचं असेल तर ईएल८४ निवडण्याचं खरं कारण हे आहे.

अर्ध्या बाटलीचा फेज स्प्लिटर

मार्शलच्या १८ वॉटमध्ये फेज स्प्लिटरला दोन ट्रायोड, म्हणजे अख्खी बाटली लागते. फेंडरच्या ५ई३ मध्ये एकाच ट्रायोडवर काम भागवलं आहे. या जोडणीला कॅथोडाइन म्हणतात.

कल्पना सोपी आहे. ट्रायोडच्या प्लेटला ५६ किलोओहम आणि कॅथोडखालीही ५६ किलोओहम. दोन्हींतून तोच करंट जातो, म्हणून दोन्हींवर सारखाच सिग्नल तयार होतो. फक्त कॅथोडवर सरळ आणि प्लेटवर उलटा. बायससाठी कॅथोड आणि खालच्या ५६ किलोओहमच्या मधे १.५ किलोओहम टाकायचा आणि ग्रिडचा १ मेगाओहम रेझिस्टर त्या जोडावर आणून सोडायचा. सप्लाय २५० व्होल्ट असेल तर साधारण १ मिलिअँपिअर जातो, वर-खाली ५५-५५ व्होल्ट पडतात आणि ट्यूबला १४० च्या आसपास उरतात. ईएल८४ ला १४ व्होल्टच हवेत, त्यामुळे जागा भरपूर.

कॅथोडाइनची एक खोड आहे: तो सिग्नल वाढवत नाही. गेन एकपेक्षा थोडा कमीच, साधारण ०.९५. म्हणजे वाढवायचं सगळं ओझं उरलेल्या ट्रायोडवर.

तिथून ईएल८४ कडे जाताना २२ नॅनोफॅरडचे दोन कपलिंग कॅपॅसिटर आणि २२० किलोओहमचे ग्रिड रेझिस्टर. ही जोडी ३३ हर्ट्झच्या खाली सिग्नल कापते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. बास जास्त घुमतोय वाटलं तर १० नॅनोफॅरड लावा, कट ७२ हर्ट्झवर जाईल आणि आवाज आवळेल.

गेनचा हिशोब

एका १२एएक्स७ मधला एक ट्रायोड कॅथोडाइनमध्ये गेला. उरला एक. त्याला नेहमीची जोडणी देऊ: प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड. १२एएक्स७ चा मूळ गुणक १०० आणि आतला रेझिस्टन्स सुमारे ६२ किलोओहम. म्हणून गेन = १०० × १०० ÷ (१०० + ६२), साधारण ६०.

गिटारचा सिंगल कॉइल पिकअप मध्यम वाजवताना ०.१ व्होल्टच्या आसपास देतो असं धरू.

०.१ × ६० × ०.९५ = ५.७ व्होल्ट.

हवे होते १४. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे चालते, म्हणून ५.७ ला १४ ने भागून वर्ग केला की ०.१६ येतात. म्हणजे साधारण अडीच वॉट. खोलीत हा आवाज पुरेसा मोठा आणि स्वच्छ आहे. जोरात स्ट्रम केलं किंवा हमबकर पिकअप असला आणि ०.२५ व्होल्ट आले, की बरोबर १४ व्होल्टला पोचतो आणि ॲम्प नुकता फाटायला लागतो.

म्हणजे उत्तर मिळालं: एका बाटलीवर ॲम्प चालतो, पण हाताशी शिल्लक काही नाही. बास-मिड-ट्रेबलचा तीन नॉबचा टोन स्टॅक सिग्नल सहज दहाव्या हिश्श्यावर आणतो. तो लावलात तर ५.७ चे ०.५७ होतील आणि ॲम्प कुजबुजेल. म्हणून या डिझाइनमध्ये १ मेगाओहमचा एक व्हॉल्यूम आणि गिटारवर असतो तसा, ट्रेबल कापणारा एक टोन नॉब, बस. निगेटिव्ह फीडबॅकही नाही, कारण तोही गेन खातो. व्हॉक्सच्या एसी३० मध्येही निगेटिव्ह फीडबॅक नाही, तेव्हा त्याने काही बिघडत नाही.

मग एक, दोन की आणखी काही?

*पहिला मार्ग: एक बाटली.* स्वच्छ आवाज, दोन नॉब. ओव्हरड्राइव्ह हवा असेल तर पुढे बूस्ट पेडल. सिग्नल तिप्पट करणारं साधं पेडलसुद्धा ०.१ चे ०.३ करतं आणि दोन्ही ईएल८४ फाटू लागतात.

*दुसरा मार्ग: दोन बाटल्या.* आणखी एक गेन स्टेज मिळाली की ६० × ६० × ०.९५, म्हणजे जवळपास ३४००. गरज १४० ची. टोन स्टॅकने दहावा हिस्सा ठेवला तरी ३४० उरतात. चौथा ट्रायोड शिल्लक राहतो, त्यावर दुसरं इनपुट चॅनल करता येतं. ५ई३ ची मांडणी हीच: पहिली बाटली कमी गेनची १२एवाय७, तिचे दोन अर्धे दोन चॅनलना. दुसरी १२एएक्स७, तिचा एक अर्धा गेनला आणि दुसरा कॅथोडाइनला.

*तिसरा मार्ग: फेज स्प्लिटरच नको.* एकाच ईएल८४ ला सिग्नल द्यायचा, दुसरीचं ग्रिड जमिनीला जोडायचं आणि दोघींचा कॅथोड रेझिस्टर कॅपॅसिटरशिवाय ठेवायचा. पहिली ट्यूब कॅथोडला हलवते आणि त्यामुळे दुसरी उलटी चालते. एका बाटलीचे दोन्ही ट्रायोड गेनला मोकळे होतात. पण ड्राइव्ह दुप्पट लागतो आणि पहिली ट्यूब बंद झाली की दुसरीला हलवणारं कोणी उरत नाही. पॉवर कमी आणि आवाज थोडा लंगडा.

माझी निवड पहिली, पण एका पळवाटेसह. चासीला दुसऱ्या छोट्या सॉकेटचं भोक आधीच पाडून ठेवायचं आणि हीटरचा करंट तिच्यासाठी धरून ठेवायचा. महिनाभर वाजवून बघा. पेडल लावूनही काही कमी वाटलं, तरच दुसरी बाटली.

पॉवर सप्लाय

हीटर ६.३ व्होल्टवर चालतात. ईएल८४ ला प्रत्येकी ०.७६ अँपिअर, १२एएक्स७ ला ०.३. एका बाटलीसह १.८२, दोन बाटल्यांसह २.१२. म्हणून वाइंडिंग ३ अँपिअरचं मागा.

हाय व्होल्टेजसाठी २३० व्होल्ट, ०.२५ अँपिअरची वेगळी सेकंडरी आणि १एन४००७ चे चार डायोड. २३० चा पीक ३२५ येतो, लोड पडल्यावर ३०० च्या आसपास. आपल्याकडे लाइन कधी २५० ला जाते. ट्यूब तापायच्या आधी लोड नसतो, तेव्हा ३५० व्होल्टही दिसू शकतात. त्यामुळे फिल्टर कॅपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या: पहिला ४७ मायक्रोफॅरड, मग १ किलोओहमनंतर स्क्रीनसाठी २२, मग २२ किलोओहमनंतर १२एएक्स७ साठी २२.

काही छोट्या गोष्टी विसरू नका. इनपुटला ६८ किलोओहम, म्हणजे रेडिओ स्टेशन ऐकू येणार नाही. ईएल८४ च्या ग्रिडला सॉकेटलगत २-३ किलोओहम आणि प्रत्येक स्क्रीनला १ किलोओहम. १३० ओहमचा रेझिस्टर ५ वॉटचा आणि त्याच्यावर १०० मायक्रोफॅरडच्या पुढचा कॅपॅसिटर.

रेझिस्टर, डायोड, कॅपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधा. ट्यूब बहुधा ऑनलाइन मागवाव्या लागतील.

जीव वाचवणारे नियम

१. घरातला २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट रेक्टिफाय करून कधीही वापरू नका. चासी लाइव्ह होते, चासीला तुमच्या गिटारच्या तारा जोडलेल्या असतात आणि तारांवर तुमचा हात असतो.

२. तीन पिनचा प्लग, चासीला पक्कं अर्थिंग आणि लाइनमध्ये फ्यूज. यात तडजोड नाही.

३. प्लग काढला तरी कॅपॅसिटर भरलेले राहतात. त्यांच्यावर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा लावा. ९१ मायक्रोफॅरड त्यातून रिकामे व्हायला साधारण पावणेदोन मिनिटं लागतात. त्यानंतरही आधी मीटर, मग हात.

४. चालू सर्किटवर मोजताना एक हात खिशात आणि घरात दुसरं कोणीतरी असू द्या.

५. स्पीकर जोडल्याशिवाय वाजवू नका. लोड नसला की प्लेटवर व्होल्टेज उसळतं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं.

हाय व्होल्टेजचं काम पहिल्यांदाच करत असाल तर जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या काकांना शोधा आणि पहिलं स्विच ऑन त्यांच्यासमोर करा.

गुणगुण आली तर फोन काढा

फोनवर एखादं मोफत स्पेक्ट्रम ॲनलायझर ॲप घ्या आणि माइक स्पीकरजवळ धरा. ५० हर्ट्झला टोक दिसलं तर संशय हीटरच्या वायरवर किंवा ग्राउंडवर. हीटरच्या दोन वायर पिळून, ग्रिडपासून लांब, चासीच्या कोपऱ्यातून न्या. १०० हर्ट्झला दिसलं तर ते रेक्टिफायरकडून येतंय, म्हणजे फिल्टर बघा. आता पहिली १२एएक्स७ हळूच उपसून ऐका. तरी १०० हर्ट्झ तसाच राहिला तर तो पॉवर ट्यूबमधून येतोय. दोन ईएल८४ चा करंट सारखा नसावा, रवीचा एक हात जास्त ओढतोय. ट्यूब जुळत्या जोडीच्या घेतल्या की तो बराच खाली येतो.

खरेदीला जाण्याआधी एकच काम करा. मल्टिमीटर मिलिव्होल्ट एसीवर ठेवून आपल्या गिटारचा आउटपुट जोरात वाजवून मोजा. मीटर आरएमएस दाखवतो आणि तुटक सूर त्याला नीट पकडता येत नाही, तेव्हा आकडा अंदाजे धरा. १.४ ने गुणलं की पीक मिळेल. ०.२५ व्होल्टच्या जवळ गेलात तर एक बाटली पुरते. ०.१ च्या खालीच राहिलात तर बूस्ट पेडल किंवा दुसऱ्या बाटलीचे पैसे आत्ताच बाजूला काढा.